दोन पानं आणि एक सासरे

रविवारी दुपारी साडेचार वाजता सासऱ्यांनी गाडी फाटकातून बाहेर काढण्याऐवजी फाटकासकट बाहेर काढली. कुणाला लागलं नाही. फाटकाचं डावं दार बॉनेटवर आडवं पडून पहिल्या वळणापर्यंत गेलं. तिथे एका सायकलवाल्याने हात करून गाडी थांबवली, तेव्हा सासऱ्यांनी काच खाली करून त्याला विचारलं, "पत्ता सापडत नाही का?"

संध्याकाळी घरात चौकशी बसली. सासू-सासरे तळमजल्यावर राहतात, मुलगी आणि जावई वरच्या मजल्यावर, जेवण खाली एकत्र. त्यामुळे चौकशीही जेवणाच्या टेबलावरच झाली.

"फाटक रोज उघडं असतं," सासरे म्हणाले. "आज बंद होतं. मला कुणी कळवलं नाही."

"फाटकाने येऊन कळवायचं होतं का?" सासूबाई म्हणाल्या.

सासरे दर रविवारी नातीला पोहण्याच्या क्लासला सोडतात. या रविवारी नातीला सर्दी झाली होती म्हणून ती घरी राहिली, आणि सासरे उगाच सवयीने निघाले होते.

"बाबा, ती गाडीत असती तर?" मुलगी म्हणाली.

मग नेहमीप्रमाणे सगळ्यांनी जावयाकडे बघितलं. जावयाचं चष्म्याचं दुकान आहे. घरात डोळ्यांचा विषय निघाला की सगळे जावयाकडे बघतात आणि जावई मिठाच्या भांड्याकडे.

जावयाची अडचण जुनी होती. सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तो चांगला पिकला आहे, हे डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी केव्हाच सांगितलं होतं. सासऱ्यांना ते मान्य नव्हतं. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो, असं त्यांचं म्हणणं. ते वरचेवर जावयाच्या दुकानात येऊन बसत आणि आलोच आहे तर म्हणून समोरचा अक्षरांचा तक्ता शेवटच्या बारीक ओळीपर्यंत खणखणीत वाचून दाखवत. एकदा जावयाने तक्ता पुसायला खाली काढला होता. त्या दिवशी सासऱ्यांनी रिकामी भिंत शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचली. जावयाला ते तोंडावर सांगवेना. त्याने बायकोला सांगितलं, तिने आईला, आईने नवऱ्याला. सासरे म्हणाले, "तरीच म्हटलं, छपाई आज फिकट का."

नोकरीत सासरे बंदरावर सामान तपासायला होते. उतारूच्या हातांच्या हालचालीवरून ते बॅगेत काय आहे हे ओळखत, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात. तिथले हमाल त्यांना घार म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःही घरात पुष्कळदा सांगितलं आहे.

"माझ्या नजरेतून हात सुटत नाही," त्या रविवारी ते म्हणाले. "फाटकाला हात नसतात, म्हणून सुटलं. त्या खेळण्यांच्या दुकानवालीला विचारा."

हा प्रसंग घरात सगळ्यांना पाठ होता. नात लहान असताना तिच्या वाढदिवसाला गल्लीतल्या खेळण्यांच्या दुकानाच्या मालकिणीने पत्त्यांची जादू केली होती. सगळी मुलं तोंड उघडं टाकून बघत असताना सासरे मागच्या खुर्चीवरून मोठ्याने म्हणाले होते, "दोन उचललीत!" मुलांनी मग तिला पुढची कुठलीच जादू धड करू दिली नाही.

"ठीक आहे," मुलगी म्हणाली. "तीच जादू पुन्हा तुमच्यासमोर. ओळखलीत, तर डोळ्यांचं नाव काढणार नाही. सुटली, तर ऑपरेशन."

"कबूल. पण ती बाई नको. सराईत आहे, नाही नाही ते करेल." सासऱ्यांनी मान जावयाच्या दिशेला, किंवा जवळपास त्या दिशेला, वळवली. "जावईबापूंनी करायचं. रोज एवढेएवढे स्क्रू बसवतात. हात चांगला आहे त्यांचा. किती वेळा करायचं ते करा, मला वेळच वेळ आहे."

जावयाने आयुष्यात पत्ते फक्त हरण्यासाठी हातात धरले होते.

खेळण्यांच्या दुकानाच्या मालकिणीला सगळी गल्ली मावशी म्हणते. जावयाने सकाळी दुकान उघडण्याआधी तिला गाठलं आणि हकिकत सांगितली. सासऱ्यांचं नाव ऐकताच तिने शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.

"फी नको," ती म्हणाली. "त्या माणसाला फसलेला बघायचंय मला. बस."

चाल दिसायला काहीच नाही, आणि तीच तिची मेख. पत्त्यांचा कॅट डाव्या हातात धरायचा. वरची दोन पानं करंगळीच्या पेराने मागच्या कोपऱ्याशी केसभर उचलून ठेवायची. मग उजव्या हाताने ती दोन्ही एकच पान असल्यासारखी उलटून दाखवायची. समजा, दिसली बदामची सत्ती. दोन्ही पुन्हा पालथी करायची आणि वरचं एक पान कॅटच्या मधोमध खुपसायचं. बघणाऱ्याला वाटतं सत्ती मध्ये गेली. सत्ती वरच असते. चुटकी वाजवायची, वरचं पान उलटायचं, की सत्ती परत वर आली.

"म्हणजे जादू नाहीच काही यात," जावई म्हणाला.

"आणि चष्म्यात काय जादू असते? नुसती काच. कर."

पहिल्या दिवशी त्याने एकदम पाच पानं उलटली. मावशी म्हणाली, "हे पान जाडजूड घराण्यातलं दिसतंय." नंतर दोन जमू लागली, पण ती कात्रीसारखी फाकत. नंतर फाकायची थांबली, पण जावई करंगळी अशी आवळून धरी की दुकानात फ्रेम हातात घेतली तरी ती बाजूला ताठ उभी राही. एका गिऱ्हाइकाने त्याला हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

सरावाला जागा मात्र त्याच्याकडे उत्तम होती. फ्रेम घालून बघण्यासाठी काउंटरवर ठेवलेला आरसा. दुकानात कुणी नसलं की तो आरशासमोर बसे आणि चाल करी. आरशात चाल दिवसेंदिवस साफ होत गेली. मग ती इतकी साफ झाली की जावयाला स्वतःलाच कळेना पान कधी उलटलं. तो खूश झाला. त्याने बायकोला सांगितलं, डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेव.

पहिला प्रयोग जेवणानंतर झाला. सासूबाईंनी टेबल पुसलं. जावई सासऱ्यांच्या समोर बसला.

"हा साधा कॅट आहे, बाबा. मी वरचं पान घेतो आणि..."

"दोन," सासरे म्हणाले.

पान अजून पुरतं उलटलंही नव्हतं.

दुसऱ्या वेळी तेच झालं. तिसऱ्या वेळी सासऱ्यांनी दात कोरत, छताकडे बघत "दोन" म्हटलं. मग ते हात धुवायला उठले आणि जाता जाता खुंटीवरच्या कोटाला म्हणाले, "तुम्ही कधी आलात? बसा ना."

"बघ," वर गेल्यावर बायको म्हणाली. "कोटाला बसायला सांगतात आणि तुझी दोन पानं ओळखतात."

"आरशात अगदी बरोबर येतंय गं."

"मग आरशाला फसव आणि त्याचं ऑपरेशन कर."

जावई पुन्हा मावशीकडे गेला. तिने त्याला समोर बसवलं आणि चाल करायला लावली. मग म्हणाली, "परत." मग परत. मग तिने कपाळावर हात मारला.

"तू डोळे मिटतोस."

"कोण?"

"तू. पान उलटताना. पुरे उलटलं की उघडतोस."

"शक्य नाही. मावशी, मी दिवसभर लोकांना सांगतो, पापणी हलवू नका. माझा धंदा आहे तो."

"म्हणूनच तुझी हलते. लोकांचं ओझं तू वाहतोस." तिने शटरखालून डोकं बाहेर काढून समोरच्या इस्त्रीवाल्याला बोलावलं. "ए, इकडे ये. याच्या हाताकडे नको, तोंडाकडे बघ. काय करतो?"

इस्त्रीवाल्याने नीट बघितलं. "झोपतो," तो म्हणाला.

एवढा सराव केला, एवढ्या वेळा आरशात बघितलं, आणि ती चाल जावयाने एकदाही पाहिलेली नव्हती. प्रत्येक वेळी नेमक्या त्या क्षणी त्याचे डोळे मिटलेले होते. आरशात ती निर्दोष दिसत होती, कारण दिसतच नव्हती.

डोळे उघडे ठेवायला शिकणं करंगळीपेक्षा अवघड गेलं. चालीच्या वेळी तो ते इतके ताणून धरी की बायको म्हणाली, पायावर कुणी पाय दिल्यासारखा दिसतोस. हळूहळू तेही सैल झालं. आता त्याला चाल दिसू लागली आणि ती किती वाईट आहे हेही कळलं. त्याने ती पहिल्यापासून पुन्हा बसवली. पानं जुळली. मावशी म्हणाली, बरी आहे. तिच्या तोंडून हा शब्द इस्त्रीवाल्यानेही पहिल्यांदाच ऐकला.

पुढचा प्रयोग. डोळे उघडे, पानं जुळलेली.

"दोन," सासरे म्हणाले.

या वेळी बायको बापाच्या शेजारी बसली होती. तिने एक गोष्ट पाहिली आणि वर पोहोचेपर्यंत न थांबता नवऱ्याला जिन्यातच सांगितली. "ते पत्त्यांकडे बघत नाहीत. त्यांचं तोंड दिव्याकडे असतं. कान तेवढा तुझ्याकडे असतो."

जावयाने हे मावशीला सांगितलं. मावशी विचारात पडली. तिने त्याला पुन्हा चाल करायला लावली, आणि या वेळी स्वतःचे डोळे मिटून घेतले.

"दोन," ती म्हणाली.

"कसं काय?"

"अरे, तू सारखा बोलत असतोस. हा साधा कॅट, हे वरचं पान, बडबड बडबड. आणि नेमका चालीच्या वेळी गप्प होतोस. श्वास पण घेत नाहीस. बंदरावर खोटं बोलणारी माणसं अशीच गप्प होत असतील. त्याने तुला कधी बघितलंच नाही. नुसतं ऐकलं. वाढदिवसाला मात्र बघितलं होतं हं. मी थांबत नाही बोलायची. तेव्हा त्या माणसाला खरंच दिसत होतं."

उपाय तिनेच सांगितला. चालीच्या वेळी नवीन काही बोलायला जाऊ नकोस, जीभ अडखळेल. तुझ्या तोंडाला विचार न करता जे बोलता येतं तेच बोल. जावयाच्या तोंडाला विचार न करता एकच गोष्ट बोलता येत होती. त्यामुळे दुकानाच्या आरशासमोर पुढचे काही दिवस असं ऐकू येई: "हे पान बघा, वजनाला एकदम हलकं, नाकावर वळ पडणार नाही, दिवसभर घातलं तरी घातल्यासारखं वाटणार नाही, आणि ही तुमची बदामची सत्ती." गिऱ्हाइकं आली तर तो सत्ती तेवढी वगळी. एकदा विसरला. त्या बाईंनी फ्रेम घेतली, पण डबी उघडून दोनदा बघितली.

शेवटचा प्रयोग शनिवारी झाला. डोळे उघडे ठेवायचे होते, जीभ चालती ठेवायची होती, श्वास घ्यायचा होता. एवढ्या सगळ्यांवर लक्ष ठेवताना बोटांकडे लक्ष द्यायला जावयाजवळ कुणी उरलं नाही.

"हे पान बघा, बाबा, वजनाला एकदम हलकं," त्याने सुरुवात केली आणि बदामची सत्ती दाखवली. इथपर्यंत ठीक होतं. "नाकावर वळ पडणार नाही," म्हणत ती पालथी केली. इथे करंगळी घसरली. एकाऐवजी दोन पानं मध्ये गेली. सत्ती खरोखरच कॅटच्या पोटात गडप झाली. जावयाला ते कळलं नाही. "दिवसभर घातलं तरी घातल्यासारखं वाटणार नाही," त्याने चुटकी वाजवली, वरचं पान उलटून सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि तोंडाने आपलं काम पुरं केलं, "आणि ही तुमची बदामची सत्ती."

टेबलावर इस्पिकची राणी होती.

सासूबाईंनी ती बघितली. मुलीने बघितली. सगळ्यांत शेवटी जावयाने बघितली आणि त्याचे डोळे जुन्या सवयीने मिटले.

सासरे पुढे वाकले. नाक पानाला लागेल इतके वाकले. बराच वेळ तसेच राहिले. मग मागे टेकले.

"शाबास," ते म्हणाले. "सत्ती मध्ये घातली होतीत ना? आली की वर! सुटली माझ्या नजरेतून. मानलं, जावईबापू."

सासूबाईंनी राणी उचलून कॅटमध्ये घातली आणि कॅट उचलून पदराखाली धरला, जणू कुणी तो मागेल. सासरे शब्दाचे पक्के. त्यांनी मुलीला सांगितलं, तुझ्या डॉक्टरीणबाईंना कळव. आधी उजवा.

वर गेल्यावर जावई पलंगाच्या काठावर बसून राहिला. "एवढं शिकलो," तो म्हणाला, "आणि नुसतं तोंडाने सत्ती म्हटलं असतं तरी चाललं असतं. हातात कुठलंही पान असतं तरी."

"रेशनकार्ड असतं तरी," बायको म्हणाली. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडली. जावयाने तिला पाणी आणून दिलं.

सासूबाईंचं मत वेगळं आहे. त्या म्हणतात, काळं आणि लाल त्यांना अजून कळत होतं. नाक लावून बघितलं म्हणजे राणीही कळली असणार. घाबरले होते ते, फाटकापासून. त्यांना हरायला कुणीतरी चांगला माणूस हवा होता. नवऱ्याला त्यांनी हे विचारलेलं नाही. विचारलं तर ते खरं सांगणार नाहीत, असं त्या म्हणतात.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सुरळीत झालं. पट्टी निघाल्यावर सासऱ्यांनी घरभर फिरून तपासणी केली. जेवणाची खोली पिवळी नसून पांढरी आहे, हे त्यांना नव्याने कळलं. खुंटीवरचा कोट आपलाच आहे हेही कळलं. मग ते सासूबाईंसमोर थांबले.

"तू कधी म्हातारी झालीस?"

"तुम्ही बघत नव्हतात तेव्हा."

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पडलं की डावा डोळाही लवकर करून टाकावा. एकाने लांबचं लख्ख आणि दुसऱ्याने धुकं, अशा स्थितीत अंतराचा अंदाज चुकतो. गाडी तर चालवायचीच नाही. त्यांनी एक तारीख राखून ठेवली आणि बुधवारपर्यंत कळवा म्हणून सांगितलं.

"करू की," सासरे म्हणाले. "त्याच अटीवर. एका डोळ्यासाठी एक जादू. जावईबापू, या, बसा. या वेळी मी बघणार आहे."

जावई मावशीकडे पळाला. मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने गल्ल्यामागून स्वतःचा कॅट काढला, कडा झिजून मऊ झालेला, आणि त्याच्या हातात दिला. "आता खरं शीक," ती म्हणाली.

मंगळवारी संध्याकाळी टेबल पुसलं गेलं. सासऱ्यांनी दिवा जवळ ओढला, खुर्ची पुढे घेतली आणि बंदरावर बॅग उघडायला लावताना ठेवत असतील तसे दोन्ही हात टेबलावर ठेवले. सासूबाई आणि मुलगी भिंतीशी उभ्या राहिल्या. जावयाने बोलायला सुरुवात केली. डोळे उघडे होते. जीभ थांबली नाही. करंगळी जागेवर होती. बदामची सत्ती दाखवली गेली, पालथी झाली, एक पान मध्ये गेलं आणि चुटकी वाजली. वरचं पान उलटलं तेव्हा तिथे बदामची सत्ती होती. बायकोने नंतर शपथेवर सांगितलं की तिला काहीही दिसलं नाही, आणि काय बघायचं हे तिला माहीत होतं.

सासरे पापणी न हलवता जावयाच्या बोटांकडे बघत होते. ते "दोन" म्हणाले नाहीत. "शाबास"ही म्हणाले नाहीत.

"पुन्हा," ते म्हणाले.

जावयाने पुन्हा केली. सासऱ्यांनी मान तिरकी केली.

"पुन्हा."

साडेनऊला सासूबाई झोपायला गेल्या, तेव्हा जावई पानं पिसत होता आणि सासरे दिवा आणखी जवळ ओढत होते. उद्या बुधवार, आणि डॉक्टरीणबाईंना अजून कुणी कळवलेलं नाही.